चिगव्वाचा प्रपंच

'विलंब' हा शब्द आम्ही घरी भाकरीतून खाल्ला आहे. 'अकस्मात' खाल्ला, 'म्लान' खाल्ला, आणि 'किंचित' तर इतक्यांदा खाल्ला की अजून तो शब्द कुठे छापलेला दिसला की मला तव्यावरच्या ज्वारीचा वास येतो. हे ऐकून माझी नातवंडं हसतात. हसू देत. त्यांना मराठी आयती मिळाली. आमच्या घरात ती एकेक शब्द करून आणावी लागली.

गोष्ट तीस सालाच्या पुढची, सोलापुरातली. आमचं घर कानडी बोलणारं. अप्पा दुकानात गिऱ्हाइकांशी मराठी बोलत आणि दुकानाची पायरी उतरले की कानडी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. ती लग्न होऊन आल्यावर बाजारापुरतं मराठी शिकली होती आणि तेवढ्यावर तिचं भागत होतं. मी मुलींच्या शाळेत तिसरीत होते. शाळेत मराठी, घरात कानडी, आणि गल्लीत खेळताना तोंडाला येईल ती भाषा. एका वाक्यात दोन भाषा आल्या तरी आम्हा पोरींना त्याचं काही वाटत नसे. आजही कुणी मला शुद्ध भाषेवर प्रवचन द्यायला लागलं की माझं डोकं फिरतं.

तर त्या वर्षी आमच्याकडे चिगव्वा राहायला आली. चिगव्वा म्हणजे धाकटी आई. आईच्या धाकट्या बहिणीला आमच्यात असं म्हणतात. तिला अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यात दिली होती. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा तापाने गेला. तिची विशीसुद्धा उलटली नव्हती. आमच्यात केस काढण्याची चाल नव्हती, त्यामुळे ती आली तेव्हा तिची लांब वेणी तशीच होती, फक्त कपाळ मोकळं होतं. अव्वाने हट्ट करून तिला आणली होती. तिच्या दिराने मात्र बजावून सांगितलं होतं, की वर्ष झालं की परत पाठवा, शेतावर माणूस लागतं. ते 'माणूस लागतं' अव्वाला फार झोंबलं होतं.

चिगव्वा आली त्या दिवशी गल्लीतल्या बायका भेटायला आल्या. शेजारच्या वकिलीणबाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी चिगव्वाच्या पाठीवरून हात फिरवला आणि अव्वाला म्हणाल्या, "काय हो हे, एवढ्याशा पोरीचा प्रपंच आटोपला."

चिगव्वाला मराठी येत नव्हतं. पण या वाक्याला तिने चमकून वर पाहिलं. संध्याकाळी मला जवळ घेऊन तिने विचारलं, "आटोपला म्हणजे काय ग?" मी सांगितलं, "संपला." तिने फक्त तेवढाच शब्द विचारला. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती असं अव्वा सांगायची, त्या संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड करून रडली. मला वाटलं, दुःखच आहे, रडणारच.

त्यानंतर तिने उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणं सोडलं. दारात भाजीवाली आली तरी ती आतून बाहेर येत नसे. चुलीपुढे बसायचं, भाकऱ्या थापायच्या, भांडी घासायची. भाकरी मात्र अशी करायची की अप्पा एक जास्त खायचे आणि ते कबूल करायचे नाहीत.

आमच्या समोरच हेडबाई राहत. त्या माझ्या शाळेच्या मुख्य. लहानपणीच विधवा झालेल्या, पुण्याला ट्रेनिंग करून आलेल्या. आवाज असा की त्या स्वतःच्या ओसरीवर बोलल्या की आमच्या स्वयंपाकघरात मी सरळ बसत असे. त्यांची एक अडचण होती. बिगरीत, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या वर्गात, निम्म्या मुली विणकरांच्या, तेलुगू बोलणाऱ्या, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच आमच्यासारख्या कानडी. बाई 'खाली बस' म्हणाल्या की त्यातल्या चार जणी घाबरून रडत. कानडी येणारी एखादी बाई त्यांना हवी होती.

एके दिवशी त्या आमच्या घरी आल्या, पाटावर बसल्या आणि अप्पांना सरळ म्हणाल्या, "तुमच्या मेहुणीला कानडी लिहिता-वाचता येतं म्हणे. मी तिला मराठी शिकवते. संक्रांतीनंतर डिप्टीसाहेब शाळा तपासायला येतात. ते वाचून घेतील, अर्थ विचारतील. त्यांनी पसंत केलं की मी तिला बिगरीवर घेईन."

"आमच्या घरातल्या बायका नोकरी करत नाहीत," अप्पा म्हणाले.

अव्वा चुलीजवळून कानडीत बोलली. एरवी बाहेरच्या माणसांदेखत ती अप्पांच्या शब्दावर बोलल्याचं मला तरी आठवत नाही. ती म्हणाली, "आणि दिराच्या शेतावर करेल, ती काय पूजा?"

अप्पांनी पानाला चुना लावला. मग म्हणाले, "साहेबांनी पसंत केली तर बघू. नाही केली, तर वर्ष झाल्यावर मी स्वतः तिला गावी पोचवून येईन. मग हा विषय पुन्हा काढायचा नाही."

असं ठरलं. चिगव्वाला हे अव्वाने समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने माझी पाटी मागून घेतली.

बाळबोध अक्षरं तिला मी शिकवली, आणि शिकवताना छडीसुद्धा हातात घेतली होती. पण छडी उगारायची वेळ येण्याआधीच तिला अक्षरं आली. मग हेडबाईंनी एक पुस्तक दिलं. जुन्या काळची थोर कथा, त्यांच्या वडिलांच्या पिढीने डोक्यावर घेतलेली. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं गेलेली, त्यामुळे तिचं नाव आम्हाला कधी कळलं नाही आणि हेडबाईंनाही आठवत नव्हतं. समुद्रकाठच्या नगरातल्या एका व्यापाऱ्याच्या मुलीची ती कथा होती. वाक्यं अशी लांब की कर्ता एका पानावर भेटायचा आणि क्रियापद पान उलटल्यावर. हेडबाईंचं म्हणणं, ही वाचता आली की मग डिप्टीसाहेब काहीही पुढे ठेवोत.

आमची शाळा सकाळची. दुपारी गिरणीचा भोंगा झाला, माणसं जेवून पुन्हा कामावर गेली, की गल्ली शांत व्हायची. त्या वेळी, कुणी पाहणारं नसताना, चिगव्वा समोर हेडबाईंकडे जायची आणि मी तिच्या मागे; तेवढंच तिचं बाहेर पडणं. ओसरीवर घोंगडं टाकलेलं असे. चिगव्वा बोट ठेवून वाचायची, हेडबाई सुपारी कातरत ऐकायच्या. अडकित्त्याचा आवाज थांबला की समजायचं, काहीतरी चुकलं. इतकं सुखाने मी पुढे आयुष्यात फारसं कुठे बसले नाही.

वाचलेले शब्द रात्रीतून उडून जाऊ नयेत म्हणून लिहून काढायचे होते, पण सकाळी पाटी माझ्याबरोबर शाळेत जायची. मग चिगव्वाने तिची युक्ती काढली. भाकरीचं पीठ काटवटीत घेतलं की पाणी घालण्याआधी ती ते हाताने सारखं करायची आणि त्यात बोटाने आदल्या दिवशीचा शब्द लिहायची. तीनदा पुसून तीनदा लिहायची. मग आधणाचं पाणी ओतून मळून टाकायची. मी जेवायला बसले की विचारायची, "आज काय खातेस?" मी सांगायचे, "विलंब." अप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आता खरी गंमत सांगते. अवघड शब्द तिला पटापट यायचे आणि सोपे काही केल्या येत नसत. 'विलंब' एका दिवसात आला, 'उशीर' महिनाभर आला नाही. 'कोप' आला, 'राग' येईना. कारण हे पुस्तकी शब्द कानडीतही आहेत. परक्या गावात माहेरची माणसं भेटावीत तसे ते तिला भेटले. खरं मराठी तिला परकं होतं. 'राग' हा शब्द कानडीतही आहे, पण तो गाण्यातला. एकदा मी धावत येऊन सांगितलं, "आज हेडबाईंना राग आलाय." चिगव्वा हात पुसत उठली. म्हणाली, "चल, ऐकू या."

त्यामुळे ती मराठी बोलायला लागली ती थेट पुस्तकातलं. मंद्रूपहून येणारी भाजीवाली दारात आली. दारात कुणी आलं की चिगव्वा आता उंबरठ्यापर्यंत येऊ लागली होती. मेथीची जुडी हातात घेऊन तिने गंभीरपणे सांगितलं, "ही म्लान झाली आहे."

"म्हलान कसली ओ बाई? मेथी हाय ती," भाजीवाली म्हणाली. "आमी म्हलान इकत न्हाय."

दूधवाल्याला तिने एक दिवस विचारलं, "आज विलंब का?" तो बिचारा डोकं खाजवत राहिला आणि म्हणाला, "म्हशीचंच हाय की. दुसरं काय घातलं न्हाय त्यात." अव्वा आत जाऊन पदर तोंडात घालून हसली. मीही हसले. चिगव्वा मात्र आमच्यावर कोपली, आणि मग स्वतःच हसायला लागली. तिचं हसणं मी तोवर ऐकलं नव्हतं. अव्वा हसता हसता डोळे पुसायला लागली.

एके सकाळी हेडबाई शाळेत निघताना समोरच्या आपल्या दारातून म्हणाल्या, "अवसर मिळाला की येऊन जा ग." चिगव्वाने तव्यावरची भाकरी तशीच टाकली आणि पिठाच्या हातांनी धावत गल्ली ओलांडली. हेडबाई अजून कुलूप लावत होत्या. घाबरून म्हणाल्या, "काय झालं?" चिगव्वा धापा टाकत म्हणाली, "तुम्ही म्हणालात ना, अवसर?" कानडीत अवसर म्हणजे घाई. हेडबाईंना ते मी सांगितलं तेव्हा त्या कुलुपाला धरून हसल्या. मग म्हणाल्या, "परके शब्द बरे. हे ओळखीचे तोंड घेऊन येतात ना, ते लबाड. त्यांना प्रत्येकाला थांबवून विचारायचं, तू कुठला." तोवर भाकरीचा कोळसा झाला होता.

दिवाळी झाली. थंडी पडायला लागली. कथेतल्या व्यापाऱ्याच्या मुलीचा नवरा गलबतासकट समुद्रात बुडाला. मी रडले. चिगव्वा रडली नाही, सावकाश वाचत राहिली. आणि मग एका वाक्यावर तिचं बोट थांबलं. ती मुलगी प्रपंच सोडून जग पाहायला निघाली, अशा अर्थाचं ते वाक्य होतं.

चिगव्वाने ते पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "हे चुकलंय."

हेडबाईंचा अडकित्ता थांबला. "काय चुकलंय?"

"प्रपंच सोडला, तर जग कसं पाहील? प्रपंच म्हणजेच जग ना?"

"अगं नाही," हेडबाई म्हणाल्या. "प्रपंच म्हणजे घरसंसार. नवरा, मुलं, चूल, भांडीकुंडी, पै-पाहुणे. बाईमाणसाचं हे जे सगळं असतं ना, ते."

"एवढंच?" चिगव्वाने विचारलं. पण मराठीत नाही. "इष्टेना?" असं तिच्या तोंडून गेलं. हेडबाईंना कानडी येत नव्हतं, तरी तो प्रश्न त्यांना कळला असावा.

मग चिगव्वाने तुटक तुटक मराठीत सांगितलं. कानडीत प्रपंच म्हणजे सगळं जग. आभाळ, नदी, रस्ते, माणसं, दिसतं ते आणि न दिसतं तेही. ती आली त्या दिवशी वकिलीणबाई म्हणाल्या होत्या, पोरीचा प्रपंच आटोपला. "मी हिला विचारलं, आटोपला म्हणजे काय. ही म्हणाली, संपला. मला वाटलं, त्या म्हणाल्या, हिचं जग संपलं. शिकलेल्या घरची बाई म्हणते, म्हणजे असेल. म्हणून मी बाहेर येत नव्हते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. इतके महिने ती आत का बसून होती, ते मला त्या वेळी कळलं. हेडबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. मग त्यांनी चिगव्वापुढे सुपारी केली. त्या सुपारी कुणाला देत नसत.

"मलाही असंच म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "मी मराठीच असून मलाही तुझ्यासारखंच ऐकू आलं होतं. वाच पुढे."

दुसऱ्या दिवशी चिगव्वाने पिठात 'प्रपंच' लिहिला. बराच वेळ बघत बसली. मग आधण ओतलं आणि नेहमीपेक्षा जरा जोरातच मळलं. त्या दिवसापासून दळण आणायला ती गिरणीत स्वतः जाऊ लागली.

संक्रांत आली, गड्ड्याची जत्रा झाली, आणि डिप्टीसाहेब यायचा दिवस उजाडला. दिराचा निरोप त्याआधीच येऊन गेला होता, की चैत्रात गाडी घेऊन येतो. अव्वाने चिगव्वाला स्वतःची इरकली नेसायला दिली. अप्पांनी पान खात खात विचारलं, "झाली का तयारी?" पण ते अव्वाला विचारलं, चिगव्वाला नाही.

आमची शाळा म्हणजे एक लांब सोपा. इयत्ता फक्त सतरंज्यांनी वेगळ्या झालेल्या. त्यामुळे मी तिसरीच्या सतरंजीवर बसून सगळं पाहिलं आणि ऐकलं. डिप्टीसाहेब रुमाल बांधलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी चिगव्वाला उभी केली आणि बरोबर आणलेल्या पुस्तकातला उतारा वाचायला दिला. तिचा आवाज कापला नाही. त्यांनी 'व्याकूळ' विचारला, तिने सांगितला. 'साशंक' विचारला, तिने सांगितला. 'उशीर' विचारला असता तर काय झालं असतं, देव जाणे.

साहेब खूश झाले. शेऱ्यासाठी वही उघडता उघडता चार घरगुती शब्द बोलावेत म्हणून त्यांनी सहज विचारलं, "बरं बाई, तुमचा प्रपंच काय? घरी कोण कोण?"

 या शब्दाने तिचं काय केलं होतं ते सोप्यात आम्हा तिघींनाच माहीत होतं. हेडबाई टेबलाजवळ ताठ उभ्या होत्या. चिगव्वाने खाली पाहिलं. आता ही रडणार, आणि चैत्रात गाडी येणार, असं मला वाटलं.

मग तिने मान वर केली. "प्रपंच आटोपला, साहेब," ती म्हणाली. "जग आहे अजून."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

तिने पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. साहेबांनी हेडबाईंकडे पाहिलं. हेडबाई खिडकीकडे पाहत होत्या. "तिची मातृभाषा कानडी आहे," त्या म्हणाल्या.

"तरीच," साहेब म्हणाले आणि त्यांनी शेरा लिहिला. तो हेडबाईंनी नंतर आम्हाला वाचून दाखवला. वाचन उत्तम, भाषा किंचित पुस्तकी, बिगरीस योग्य. चिगव्वाला त्यातला 'किंचित' सगळ्यात जास्त आवडला.

रात्री अप्पा जेवायला बसले. अव्वाने सगळं सांगितलं. ते खाली मान घालून जेवत राहिले. तिसरी भाकरी घेताना म्हणाले, "तिला म्हणावं, शाळेत रोज इरकलीच नेसून जात जा. आमच्या घरची आहे म्हणून कळलं पाहिजे." मला अप्पांचा तेव्हा इतका राग आला होता आणि इतकं प्रेम वाटलं होतं की दोन्हींसाठी मिळून एक शब्द मला अजून सापडलेला नाही. चैत्रात दीर गाडी घेऊन आला, जेवला, आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

चिगव्वाने मग बिगरीच्या किती मुली शिकवल्या याची गणती नाही. तेलुगूही ती त्या पोरींकडूनच शिकली. तिची मराठी शेवटपर्यंत पुस्तकीच राहिली. मुली दंगा करू लागल्या की ती म्हणायची, "मी किंचित कोपले आहे," आणि पोरी चिडीचूप व्हायच्या.

पुढे माझं लग्न ठरलं. बार्शीचं घर, आमच्यातलंच, पण पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारं. कानडीचा गंध नाही. लग्न होऊन मी निघाले तेव्हा स्टेशनवर सगळ्या बायका जमल्या होत्या. जी ती मला जवळ घेऊन सांगत होती, प्रपंच नीट कर. वकिलीणबाईंनीही सांगितलं. आता त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. अव्वा माझा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होती.

गाडीने शिट्टी दिली. चिगव्वा शेवटी पुढे आली. तिने खिडकीतून माझा हात घट्ट धरला आणि कानडीत दोनच शब्द बोलली. "प्रपंच नोडु." नोडु म्हणजे बघ.

गाडी हलली. मी हुंदके देत होते. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं आणि विचारलं, "मावशी काय म्हणाल्या ग?"

"प्रपंच बघ म्हणाली," मी सांगितलं.

सासूबाईंनी समाधानाने मान डोलावली. "शहाणी आहे हो तुझी मावशी," त्या म्हणाल्या.